स्टेनोबाईंची फटाकडी

स्टेनोबाईंना माणसं आवडत नसत, आणि त्याची कारणं त्यांच्याकडे लेखी होती. तेहेतीस वर्षं त्यांनी कोर्टात लघुलेखिका म्हणून नोकरी केली. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. साक्षीदार रडो, ओरडो, नाहीतर शपथेवर धडधडीत खोटं बोलो, बाईंची पेन्सिल थांबत नसे आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. एवढं खोटं त्यांच्या बोटांतून गेलं होतं की निवृत्त होईपर्यंत जगाबद्दलचं त्यांचं मत दगडासारखं पक्कं झालं होतं. बहुतेक लोक मूर्ख असतात, उरलेले लबाड, आणि ज्यांना दोन्ही जमतं त्यांना बढती मिळते.

निरोपसमारंभात मोठ्या साहेबांनी त्यांच्यावर वीस मिनिटं भाषण केलं. बाईंनी सवयीने ते टिपून घेतलं आणि घरी येऊन वाचलं. व्याकरणाच्या अकरा चुका निघाल्या, आणि अर्धा तपशील दुसऱ्याच कुठल्यातरी बाईच्या नोकरीचा होता. त्या कागदावर त्यांनी भाजी निवडली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या थोरल्या बहिणीकडे राहायला आल्या. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ताईंना ऐकू कमी यायचं. स्टेनोबाईंच्या मते बहिणीचा हा मोठाच गुण होता. इमारत चार मजली, ह्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की खाली दलदल. पुरुषभर उंचीचं पाणकणीस, त्याच्या तपकिरी कणसांच्या रांगा, मध्ये काळं पाणी, कडेला चिखल, एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला बांध. इमारतीतले लोक तिला डबकं म्हणत. डास आले की तिला शिव्या घालायच्या आणि कचरा साठला की पिशवी गाठ मारून तिच्यात भिरकवायची, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

राहायला आल्यावर पाचव्या दिवशी सकाळी पावणेसहाला बाई चहाचं आधण ठेवत होत्या. खालून आवाज आला. टिक्. मग दोन सेकंद काही नाही. पुन्हा टिक्. कुणीतरी पत्र्याच्या पट्टीवर नख मारावं तसा. एकवीस वेळा झाला. आणि मग एकदम, फरशीवर पातेल्याचं झाकण पडून गरगरत गरगरत आडवं व्हावं, तसा एक लांब घरंगळता आवाज. मग शांतता.

बाईंनी गॅस बंद केला, वही ओढली आणि ते लिहून घेतलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी बोललं की लिहायचं, हे हाताला लागलेलं वळण. पण ह्या बोलण्यात एक अक्षर फालतू नव्हतं, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"काय गं, काय झालं?" ताईंनी बाहेरून विचारलं.

"काही नाही, पक्षी ओरडतोय."

"मच्छी? एवढ्या सकाळी कोण विकतंय?"

स्टेनोबाईंनी गॅस पुन्हा पेटवला.

त्या आवाजाचा मालक कोण हे शोधायला त्यांना दीड महिना लागला. वाचनालयातलं पक्ष्यांचं पुस्तक आणलं, फोनवर पक्ष्यांचे आवाज लावले, आणि ओळखपरेडीला उभे केलेल्या संशयितांसारखा एकेकाला बाद करत गेल्या. शेवटी उरली लाल फटाकडी. पुस्तकात लिहिलं होतं, दलदलीत राहणारा अत्यंत लाजाळू पक्षी, दिसतो क्वचित, ऐकू येतो पहाटे आणि संध्याकाळी. बाईंना हे वर्णन पसंत पडलं. असल्या वागणुकीची माणसं त्यांना आयुष्यात भेटली नव्हती.

जिन्यात त्यांनी ही गोष्ट फक्त एकदा काढली, सोसायटीच्या सेक्रेटरीजवळ. ते गृहस्थ पोटावर हात फिरवत म्हणाले, "मागे फटाकडी राहते? आणि आम्हाला पत्ताच नाही!" मग स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. बाई त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबल्या, "झालं?" म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

असं चार वर्षं चाललं. रोज सकाळी खिडकीत खुर्ची, मांडीवर वही. वेळ, दिशा, टिक् किती, शेवटी झाकण पडलं की नाही. सगळं लघुलिपीत. आणि खिडकीत बसलंच आहे तर जे दिसेल तेही लिहायचं. कुणी कचरा टाकला, कुणाचा कुत्रा शिरला. थंडीत एक बाई विळा घेऊन यायची, गुडघाभर चिखलात उतरून पाणकणीस कापायची, भारे बांधून डोक्यावरून न्यायची आणि त्याच्या चटया विणायची. तिला सगळे चटईवाली म्हणत. तिच्या विळ्याच्या चर्र चर्र आवाजात बाईंना काही ऐकू येत नसे. अशा दिवशी त्या वहीत नुसतं 'विळा' लिहीत, कुठल्या बाजूला ते लिहीत आणि पेन्सिल जरा जास्तच दाबत.

पाचव्या वर्षी जिन्याखाली एक नोटीस चिकटली. मागची 'निरुपयोगी पाणथळ जागा' भरून तिथे बस डेपो होणार. हरकती असल्यास सुनावणीला हजर राहावं. सोबत तज्ज्ञांचा अहवाल. तज्ज्ञ म्हणजे एक डॉक्टर, पण दवाखान्यातले नव्हेत. माशांच्या खवल्यांवर प्रबंध लिहून झालेले. अहवालात म्हटलं होतं, 'दोन सविस्तर भेटी दिल्या. उल्लेखनीय पक्षीजीवन आढळले नाही.' बाईंनी तो जिन्यात उभ्या उभ्या तीनदा वाचला. मग वर जाऊन गेल्या दोन महिन्यांची वही काढली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी जेवताना त्या ताईंना मोठ्याने म्हणाल्या, "उद्या विचारतील, पक्षी बघितलात का. आणि मी तर एकदाही बघितलेला नाही."

"कुठला पक्षी?"

"फटाकडी! तांबडी असते! पाय लाल असतात!"

"ती होय?" ताई भात कालवत म्हणाल्या. "शेपटी उडवत चालते ती? ती तर रोज दुपारी येते. चटईवाली कापून जाते ना, त्या कडेला. चिखलात टोचत बसते."

स्टेनोबाईंचा हात ताटातच राहिला. चार वर्षं त्या पहाटे कान लावून बसल्या होत्या आणि दुपारी झोपत होत्या. ताईंना कसलाच आवाज नसल्याने त्या दुपारभर खिडकीतून नुसतं बघत असत.

"मला सांगितलं का नाहीस?"

"अगं, मला वाटलं कुणाची तरी कोंबडी सुटलीय."

बाईंनी कपाळाला हात लावला. ताईंच्या बोलण्यातलं 'रोज दुपारी येते' एवढंच त्यांनी घेतलं; कापलेल्या कडेचं वाक्य तसंच ताटात राहिलं. ताईंच्या बोलण्यात ऐकण्यासारखं काही असतं, असं त्या धरूनच चालत नसत.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. लांब टेबल, मध्ये अध्यक्ष, म्हणजे पालिकेचे एक बडे अधिकारी. उजवीकडे डॉक्टर, डावीकडे ठेकेदाराचे वकील. अगदी कोपऱ्यात, पंख्याचा वारा पोचत नाही अशा जागी, पन्नाशीची एक सरकारी लघुलेखिका सगळं टिपून घेत होती. सकाळपासून तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. हे त्या खोलीत फक्त स्टेनोबाईंनी पाहिलं.

त्यांची पाळी आली तेव्हा वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "बाई, हा दुर्मीळ पक्षी आपण स्वतः पाहिला आहे?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"चार वर्षांत एकदाही नाही."

सभागृहात खसखस पिकली. वकील अध्यक्षांकडे बघून हात पसरते झाले.

"तेहेतीस वर्षं कोर्टात होते," स्टेनोबाई म्हणाल्या. "मी कुणाला खून करतानाही पाहिलेलं नाही. साक्षी ऐकल्या. त्यावर माणसं जन्मठेपेला गेली."

खसखस थांबली. बाईंनी पिशवीतून अकरा वह्या काढून टेबलावर ठेवल्या. अध्यक्षांनी एक उघडली. रेघा, आकडे, वेटोळी.

"हे काय, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यात?"

"लघुलिपी आहे."

"साहेब," वकील उठले, "ह्यात काय लिहिलंय हे बाई सांगतील तेच खरं मानायचं का? उद्या म्हणतील हत्ती आला होता."

"मला वाचायला सांगूच नका," स्टेनोबाई म्हणाल्या. "ह्या खोलीत आणखी एका माणसाला हे वाचता येतं."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कोपऱ्यातल्या लघुलेखिकेने मान वर केली. तिच्याकडे कुणीतरी बघण्याची त्या दिवसातली ती पहिलीच वेळ असावी. अध्यक्षांनी तिला खूण केली, हवं ते पान उघड म्हणाले, आणि ती उभी राहून, ठसका लागू नये म्हणून घसा खाकरून, वाचायला लागली.

"पाच वाजून अठ्ठेचाळीस. नाल्याकडून. टिक् एकोणीस वेळा, मग झाकण. पाच छप्पन्न, दुसरा पक्षी, बांधाकडून उत्तर. टिक् बत्तीस." तिने पान उलटलं. "सहा वाजून तीन. दोन्ही एकदम."

"पुढचं कुठलंही," अध्यक्ष म्हणाले.

तिने दुसरी वही उघडली. वाचता वाचता तिचा आवाज जरा अडखळला. "सात तारीख. अकरा पस्तीस. पांढरी गाडी. पक्षीतज्ज्ञ उतरले. डांबरी रस्ता सोडला नाही. रुमाल नाकाला. अकरा एक्केचाळीस, फोनवर. अकरा बावन्न, गाडी गेली. बूट कोरडे."

"बूट कोरडे?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो साहेब. खाली दोन रेघा मारल्यात."

डॉक्टर पाणी प्यायले. "ही प्राथमिक भेट होती," ते म्हणाले. "पद्धतशीर सर्वेक्षण दुसऱ्या भेटीत..."

"सोळा तारीख," लघुलेखिका कुणी न सांगताच पुढे गेली. आता तिच्या आवाजात जोर आला होता. "बारा वीस. तीच गाडी. कुणी उतरलं नाही. ड्रायव्हर लघवीला गेला. बारा पंचवीस, गाडी गेली. समासात नंतरची नोंद, दुसरी सविस्तर भेट बहुधा हीच." ती थांबली, मग ओठ चावून म्हणाली, "एकोणीस तारीख. काळी गाडी. पाहणीसाठी अध्यक्ष. काच खाली केली. काच वर केली. गाडी गेली. साहेब, ह्यापुढे एक विशेषण आहे. वाचू?"

"नको," अध्यक्ष म्हणाले.

डेपो दुसरीकडे गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की एका निवृत्त महिलेच्या निसर्गप्रेमापुढे प्रशासन नमलं. बाईंनी ती बातमी वाचून नाक मुरडलं. ते विशेषण छापून येऊ नये म्हणून प्रशासन नमलं होतं. दलदलीला 'संरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं, फलक लागला, फलकावर बदक काढलं, तेही टबात तरंगणाऱ्या रबरी खेळण्यासारखं. देखरेखीला समिती नेमली. समितीवर डॉक्टर होतेच, कारण समित्यांमधून अशी माणसं निघत नाहीत, आणि स्टेनोबाईंनाही घेतलं.

पहिल्याच बैठकीत विचारणा झाली, सर्वांत आधी काय करावं? कुंपण, म्हणाले एक. बाकडी, म्हणाले दुसरे. डॉक्टर म्हणाले, अभ्यास.

"आधी ती कापणारी बाई बंद करा," स्टेनोबाई म्हणाल्या. "दर हिवाळ्यात अर्धी दलदल उघडी पाडते."

ठराव एकमताने झाला. समितीच्या आयुष्यात एकमताने झालेला तो एकच ठराव. वॉचमन नेमला गेला, आणि थंडी पडल्यावर पहिल्याच दिवशी त्याने चटईवालीचा विळा काढून घेतला.

ती सरळ तिसऱ्या मजल्यावर आली. बेल वाजवली. दार स्टेनोबाईंनी उघडलं. समोर त्यांच्याच वयाची, काटक, पायांना वाळलेला चिखल लागलेली बाई.

"तूच ना ती चटईवाली?"

"हो. आणि तुम्ही वहीवाल्या बाई. रोज खिडकीत दिसता. माझा विळा तुमच्या सांगण्यावरून घेतला म्हणे."

"समितीचा ठराव आहे."

"ठराव राहू दे. बाई, माझी सासू इथे कापायची, तिची सासू कापायची. एक पट्टा कापायचा, दोन सोडायचे. नाही कापलं तर ते आडवं पडतं, कुजतं, त्याचा थर बसतो, पाणी बुजतं. मग तुमची ती तांबडी राहील कुठे? तुमच्या गच्चीत?"

"पक्ष्यांबद्दल आता तू मला शिकवणार?"

"मग कोण शिकवणार? तो कोरड्या बुटाचा?"

बाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. असे पोटासाठी बोलणारे साक्षीदार त्यांनी शेकड्यांनी टिपले होते. आधी घराणं सांगायचं, मग विरुद्ध बाजूच्याच भल्याचा आव आणायचा. "अर्ज करायचा असेल तर पालिकेत कर," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

त्या हंगामात फटाकडी नऊ दिवस बोलली. आदल्या वर्षी एकोणसाठ दिवस बोलली होती. बाईंनी खापर डाव्या बाजूला चाललेल्या रस्त्याच्या कामावर फोडलं, थंडीवर फोडलं, फोटो काढायला येणाऱ्या हौशी मंडळींवर फोडलं. हे शेवटचे खरोखरच त्या लायकीचे होते. छोटे स्पीकर आणून ते पक्ष्याचाच आवाज मोठ्याने लावत आणि तो चिडून बाहेर यायची वाट बघत. एकाला बाईंनी तिसऱ्या मजल्यावरून विचारलं होतं, "तुमच्या दाराशी तुमचाच आवाज काढून रोज सकाळी कुणी ओरडलं तर आवडेल का?" तो म्हणाला, "आंटी, चिल." बाईंनी हे दोन शब्द टिपून ठेवले होते, मानवजातीविरुद्धच्या पुराव्यात.

पुढच्या हंगामात वही कोरी राहिली. एक टिक् नाही. बाई पाचला उठायच्या, साडेसातपर्यंत बसायच्या, तारीख लिहायच्या आणि पुढे काही नाही. पाणकणीस दाट झालं होतं, त्यातलं जुनं मोडून एकावर एक पडलं होतं, वाळलेल्या गवताच्या गादीसारखं. मधलं काळं पाणी दिसेनासं झालं होतं. पालिकेच्या वार्षिक अहवालात ह्याला 'वनस्पतींची उत्साहवर्धक वाढ' म्हटलं होतं.

"ती तांबडी हल्ली येत नाही गं," एका दुपारी ताई खिडकीतून म्हणाल्या. "येणार कुठे? कापलेली कडाच राहिली नाही. तिथेच यायची बिचारी."

ह्या वेळी स्टेनोबाईंनी ऐकलं. त्या उठल्या, कपाटातून सगळ्या वह्या काढल्या आणि पलंगावर मांडल्या. संध्याकाळपर्यंत त्या पानं उलटत होत्या. जिथे जिथे दाबून 'विळा' लिहिलं होतं, ती बाजू बघायची. मग पुढच्या हंगामात आवाज कुठून आले ते बघायचं. एका हिवाळ्यात विळा बांधाकडे, पुढच्या उन्हाळ्यात टिक् बांधाकडून. पुढच्या हिवाळ्यात विळा नाल्यापलीकडे, मग टिक् नाल्यापलीकडून. चारही वर्षं. साक्ष चोख होती, आणि त्यांच्याच हस्ताक्षरात होती. चार वर्षं टिपून त्यांनी ती वाचली नव्हती.

आजवर त्यांनी पुष्कळ लोकांना मूर्ख म्हटलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी तो शब्द लघुलिपीत एकदा लिहिला, पुढे कुणाचं नाव घातलं नाही.

चटईवालीचं घर लाँड्रीच्या मागच्या गल्लीत होतं. पत्र्याचं छप्पर, एक खोली. विणायची लाकडी चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर ओले कपडे. जमिनीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग आणि खळीचा डबा. ती आता एका कारखान्यासाठी घरी खोकी चिकटवून द्यायची. तिने वर बघितलं आणि पुन्हा खोक्याची घडी दाबायला लागली.

"बसा. खुर्ची नाही. चटई आहे, पण दुकानातली, प्लास्टिकची. माझ्या संपल्या."

स्टेनोबाई बसल्या. गुडघा वाजला. "तुम्ही म्हणाला होतात ते..."

"अगं बाई!" चटईवालीचा हात थांबला. "आता मी 'तुम्ही' झाले? दोन वर्षांपूर्वी 'तू' होते."

"माझं चुकलं."

हे वाक्य स्टेनोबाईंनी हजारदा टिपलं होतं, स्वतः कधी उच्चारलं नव्हतं. ते तोंडातून निघताना त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

"एवढंच?" चटईवाली म्हणाली. "वहीत लिहून ठेवा. बाकी सगळं लिहिता."

"तेच करायला आले. कसं कापायचं ते सांगा. मी लिहून घेते आणि समितीपुढे वाचते."

"आणि मी का सांगू? तुमच्या कोंबडीसाठी?"

बाईंनी वहीचं कोरं पान उघडून मांडीवर ठेवलं. चटईवालीने तीन खोकी चिकटवली. चौथं हातात घेतलं आणि रागाने फेकून दिलं.

"पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापायचं," ती म्हणाली. "लिहा. पाण्याखाली विळा गेला तर मूळ मरतं. पट्टा वीस पावलांचा, आणि वाकडा, नदीसारखा. सरळ नाही. यंदा कापलेला पट्टा पुढची दोन वर्षं बघायचा नाही. कापलेलं तिथेच टाकायचं नाही, उचलायचं. तिचा पहिला आवाज आला की दुसऱ्या दिवसापासून विळा बंद, भारा अर्धा राहिला तरी. आणि नाल्याच्या तोंडाचा कोपरा कधीच कापायचा नाही."

"का?"

"अंडी तिथे घालते."

पेन्सिल थांबली. "तुम्ही घरटं बघितलंय?"

"सात वेळा. सहा अंडी असतात. एकदा आठ होती. पिल्लं काळी कुळकुळीत, काजळाच्या गोळ्यासारखी."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

समितीत डॉक्टरांनी आक्षेप घेतला की ह्या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही. स्टेनोबाईंनी चार वर्षांच्या नोंदींचा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला आणि विचारलं, वही पुन्हा मोठ्याने वाचायची का? आक्षेप मागे घेतला गेला. सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांचा शोधनिबंध आला, 'पाणथळ जागांतील चक्रीय वनस्पती व्यवस्थापन'. त्यात त्यांचा नवे कोरे रबरी बूट घातलेला फोटो होता, चटईवालीचा उल्लेख 'स्थानिक घटक' असा होता. तिला पालिकेने ओळखपत्र दिलं, त्यावर तिच्या नावात दोन चुका आणि हुद्दा 'हंगामी गवत'. मदतनीस हा शब्द कार्डात मावला नव्हता. बाईंनी ते दुरुस्त करून आणायला पालिकेत चार फेऱ्या मारल्या आणि चार कारकुनांना त्यांची लायकी सविस्तर सांगितली.

कापणी सुरू झाल्यावर पहिल्या हंगामात फटाकडी तीन दिवस बोलली. दुसऱ्या हंगामात एकतीस. त्याच वर्षी बाईंनी दुपारची झोप सोडली आणि एकदाची ती पाहिली. कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोडी मोठी, विटकरी, लाल पाय. कापलेल्या कडेला आली, दोनदा चिखलात टोचलं, शेपटी उडवली, आणि कशालाही न घाबरता घाबरल्यासारखी आत पळाली. चालणं अगदीच बावळट.

"एवढीच?" बाई म्हणाल्या.

"मग काय शहामृग हवा होता?" ताई म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात पालिकेने दलदलीच्या कडेला पक्षीनिरीक्षणाचा मनोरा बांधला. बांधताना नकाशा उलटा धरला असावा, कारण मनोऱ्यावरून मुख्यतः इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते, पहिल्या रांगेत बाईंच्या नावाची खुर्ची होती. त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी बांधाकडचा पट्टा कापायचा होता आणि भारे उचलायला चटईवालीला माणूस मिळत नव्हतं. बाई साडी खोचून, वॉचमनचे बूट घालून खाली उतरल्या. दहा पावलं धड चालल्या. अकराव्याला चिखल कमरेपर्यंत आला आणि त्या खुंटीसारख्या उभ्या राहिल्या.

चटईवालीने विळा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि ती खदखदून हसली. पलीकडे मनोऱ्यावर कुणीतरी माइकवर निसर्ग ही आपली आई असल्याचं सांगत होतं.

"हात द्या," बाई म्हणाल्या.

"देते हो. आधी डोळे भरून बघून घेऊ दे. सात पिढ्यांत कुणी असं रुतलेलं नाही."

"ते भाषण ऐकताय का? एका वाक्यात तीन चुका."

"तुम्ही चिखलात उभ्या आहात, बाई," चटईवाली म्हणाली आणि हात पुढे केला. "चुका नंतर मोजा. बूट तिथेच राहू दे, पाय वाकडा करून काढा. असं. आता आलाच आहात एवढ्या आत, तर तो मागचा भारा उचलून आणा."

बाईंनी अनवाणी मागे वळून भारा उचलला. ओला भारा चांगलाच जड होता. तो डोक्यावर घेताना त्या करवादल्या, "नीट बांधलेला नाही हा."

"नीटच बांधलाय," चटईवाली पुढे चालत म्हणाली. "तुमची मान वाकडी आहे."